मिशीपूरच्या सात मिशा

५ एप्रिल, शनिवार

आज इथल्या, जबलपूरच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी हात वर केला. का केला, ते घरी येईपर्यंत मलाच कळलं नव्हतं. एक मेच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक कोण बसवणार, असं भाऊरावांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा सगळे पंख्याकडे बघत बसले. माझी पंख्याकडे बघायची सवय गेली असावी.

भाऊराव मंडळाचे अध्यक्ष. फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाले, पण अजून आम्हा सगळ्यांना आपल्या वर्कशॉपमधले कामगारच समजतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, "विनताबाई, तुम्ही आधी कधी नाटक बसवलं आहे काय?"

मी म्हटलं, "रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली, भाऊराव. तिथे रोजच बसवत होते."

लोक हसले. ते हसले नाहीत. पण वहीत माझं नाव लिहून घेतलं.

घरी सांगितलं तर सुशांत म्हणाला, "आई, रिटायर होऊन पाच महिने नाही झाले. आराम काहून नाही करत तू?" एकता म्हणाली, "अच्छा है, मम्मीजी," आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागली. माझ्या सुनेचं बोलणं एवढंच असतं. इथून जवळच्या मझौलीची, हिंदी घरातली मुलगी. लग्नाला सव्वा वर्ष झालं. सदर बाजारात एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे रिसेप्शनवर बसते, म्हणजे नावं लिहून घेते आणि नंबर लावते. मुलगी वाईट नाही. पण तिच्याशी काय बोलावं हे मला समजत नाही, आणि माझ्याशी काय बोलावं हे तिलाही समजत नसावं. दोघी मिळून भाजी निवडतो तेव्हा भाजीविषयी बोलतो. भाजी संपली की संपलं.

९ एप्रिल, बुधवार

नाटक लिहून झालं. "मिशीपूरचा राजा." राजाला मिशांचं फार वेड. तो दवंडी पिटवतो की राज्यात लहान-मोठ्या, बाया-बापड्या सगळ्यांना मिशी पाहिजे. मग गोंधळ. सात मुलं, सात मिशा. शेवट काही जमत नाहीये. राजाला शहाणपण येतं असं केलं आहे, पण ते का येतं ते मला माहीत नाही.

संवाद स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून बघते. एकता पोळ्या करत असते. तिला त्रास होत असेल, पण बोलत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पहिली तालीम. मुलांना मराठी समजतं. बोलता येतं असं मात्र म्हणता येणार नाही. सुमेध नऊ वर्षांचा आहे, प्रधान झाला आहे. त्यानं पहिल्याच वाक्याला विचारलं, "आजी, मिशी को मूँछ बोल सकते हैं क्या?" मी नाही म्हटलं. त्यावर त्याची आई संपदा मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "काकू, चालवून घ्या ना थोडं." मी चालवून घेतलं नाही.

राजा आहे अवंती, भाऊरावांची नात. दहा वर्षांची, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाची झोप उडावी. नातीला राजा केलं म्हणून भाऊराव खूश आहेत, पण दाखवत नाहीत. तालीम संपेपर्यंत दाराशी उभे होते.

आज मला मजा आली. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार



आज रंगीत तालीम होती. एक्केचाळीस डिग्री ऊन, मंडळाच्या हॉलमध्ये दोन पंखे. मुलांना काजळानं मिशा काढल्या, तर पाच मिनिटांत घामानं ओघळून हनुवटीवर आल्या. सैनिक रडल्यासारखा दिसू लागला, प्रधानाला दाढी आली. तेवढ्यात पर्समध्ये हाताला पेन लागलं. पार्सलवर नावं लिहायचं काळं, जाड टोकाचं. ऑफिस सुटलं तरी ते पर्समधून निघालेलं नाही. मी सातही जणांना झोकदार मिशा काढल्या. अवंतीची तर गालापर्यंत वळवली. एकही ओघळली नाही. संपदानं फोटो काढले, सगळे वाहवा करू लागले, आणि मी अशी काही फुशारले की आता आठवून कानशिलं तापतात.

पाच वाजता मुलं तोंड धुवायला गेली. सुमेध पहिला परत आला. साबणानं घासून घासून ओठ लाल झाला होता आणि मिशी पहिल्यापेक्षा काळी दिसत होती.

पावसात भिजून आलेल्या पार्सलवरसुद्धा ज्या पेनाचं नाव राहतं, ते मुलांच्या तोंडावर. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. आया आपापली मुलं घेऊन निघाल्या. सोमवारी शाळा आहे.

घरी येऊन एकताला सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले. कोणतं पेन, आणि कोणी काही लावून घासलं का. मग माझ्याकडून पेन आणि मुलांच्या घरच्या नंबरांची यादी घेतली आणि गॅलरीत जाऊन फोनवर बोलत बसली. जेवायची वेळ झाली तरी बोलणं चालूच. इथे माझा जीव टांगणीला लागला आहे आणि हिच्या गप्पा संपत नाहीत. सुशांतला म्हटलं तर तो म्हणाला, "राहू दे ना, आई."

उद्या सकाळी मला सात घरांची दारं वाजवायची आहेत.

२० एप्रिल, रविवार

सकाळी निघाले तर एकता दारात तयार उभी. "मैं भी चलूँगी, मम्मीजी." खांद्यावर पिशवी. पिशवीत खोबरेल तेल, कापूस, लहान मुलांचा साबण, जुन्या मऊ धोतराचे तुकडे आणि व्हॅसलीन. या उन्हात अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. आजकालच्या मुलींची फॅशन मला कळत नाही.

रस्त्यात मी म्हटलं, "ऑफिसात आमच्या हाताला शाई लागली की आम्ही स्पिरिटनं पुसायचो. ते घ्यायचं का?"

"हाथ पे चलता है, मम्मीजी. चेहरे पे नहीं, और होंठ के पास तो बिल्कुल नहीं. बच्चों की स्किन पतली होती है." मग जरा थांबून म्हणाली, "नेलपॉलिश रिमूव्हर पण नाही, नींबू-नमक पण नाही." हे एवढं मराठी मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पहिलं घर संपदाचं. दार उघडताना ती काय बोलेल याची मी तयारी करून गेले होते. ती हसत होती. "या काकू, चहा टाकते. तेल लावून ठेवलं आहे मी त्याला. दीदीनं सांगितलं होतं रगडायचं नाही म्हणून." तिची मोठी बहीण भोपाळला असते, हुशार दिसते.

एकतानं सुमेधला खुर्चीवर बसवलं, कापूस तेलात भिजवून मिशीवर ठेवला आणि घड्याळ बघून दहा मिनिटं त्याच्याशी क्रिकेटवर बोलली. मग कापडानं हलकेच, एकाच दिशेनं पुसलं. कापडावर करडा डाग आला. परत तेल, परत दहा मिनिटं. मग कोमट पाणी, साबणाचा फेस, आणि शेवटी व्हॅसलीनचं बोट. चार वेळा केल्यावर सावलीएवढी मिशी उरली. "बाकी दो-तीन दिन में अपने आप जाएगी," ती म्हणाली. सुमेध आरशात बघून नाराज झाला. म्हणाला, "थोडी तो रहने देते."

पुढच्या चारही घरी तसंच. प्रत्येक ठिकाणी मूल आधीच तेल लावून बसलेलं, प्रत्येक आई हसतमुख. जबलपूरच्या बायका इतक्या जाणत्या आणि समजूतदार असतील असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून मी लोकांना ओळखलंच नाही. सहाव्या घरी तर पोहे झाले.

सातवं घर भाऊरावांचं. तिकडे वळताना एकता म्हणाली, "यहाँ फोन नहीं लगा था." मला वाटलं आम्ही येणार हे कळवायला केला असेल.

दार लतिकानं उघडलं, त्यांच्या सुनेनं. डोळे सुजलेले. आत अवंती तोंडावर रुमाल धरून बसली होती. एकतानं विचारून रुमाल बाजूला केला. वरचा ओठ लाल, सुजलेला, कडेला कातडी निघालेली, आणि त्या लालीवर मिशी अर्धी तशीच. खोलीत तारपीनचा वास येत होता, ऑइल पेंटमध्ये घालतात त्या तेलाचा.

भाऊराव उभे राहिले. "बघा, विनताबाई. बघा काय करून ठेवलं तुमच्या पेनानं."

 एकता बोलली. आवाज न चढवता. "बाबूजी, तारपीन कब लगाया था?"

"कोणी लावलं? थोडंसं. काल संध्याकाळी."

"उसके बाद धोया था?"

लतिका म्हणाली, "नुसतं पुसलं."

एकतानं अवंतीला नळाखाली नेलं. साबण लावून, हातानं घासू न देता, बराच वेळ पाणी सोडलं. अवंती एकदाच म्हणाली, "जलता है, दीदी," आणि एकतानं तिचा हात आपल्या हातात धरला. मग तिनं तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रविवार, दवाखाना बंद. त्यांनी सिविल लाइंसला बंगल्यावरच बोलावलं. ऑटोत मी, एकता, लतिका आणि मधे अवंती. भाऊराव मागून स्कूटरवर आले.

बाईंनी बारकाईनं बघितलं. म्हणाल्या, कातडी वरवर भाजल्यासारखी झाली आहे, खोल नाही. चार-पाच दिवसांत भरून येईल. साधं पाणी, त्यांनी दिलेलं मलम, ऊन नको, हात लावणं नको. शाईला हातच लावायचा नाही, कातडीबरोबर ती आपोआप जाईल. आणि त्या जागी दोन आठवडे कसलाही रंग नको.

लतिकानं सुस्कारा सोडला. मी बाहेर व्हरांड्यात आले. भाऊराव एकटेच खुर्चीत बसले होते. सारखे आपला उजवा हात नाकाशी नेऊन वास घेत होते आणि खाली ठेवत होते. मला बघितल्यावर हात खिशात घातला.  फार चिडलेले असणार.

२१ एप्रिल, सोमवार

मंडळाच्या ग्रुपवर भाऊरावांचा मेसेज. "मुलांचे नाटक स्थगित."

खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. दुपारभर काही सुचलं नाही. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर धुतल्याची तारीख लिहिली, डब्यांवर नावं लिहिली. मग लक्षात आलं की कोणत्या पेनानं लिहून राहिले आहे, आणि ते कपाटाच्या वर फेकून दिलं. एकतानं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर का ठेवलं होतं कोण जाणे.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी लाइट गेली. उकाडा असह्य. एकता कणीक मळत होती, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मी मेणबत्ती घेऊन गेले आणि तिचा डावा हात बघितला.

मनगटापासून कोपरापर्यंत एका ओळीत सहा छोट्या मिशा. एक जवळजवळ गेलेली. एक पुसट. दोन तशाच. आणि दोन जागी शाईपेक्षा लाल चट्टेच जास्त, एकावर बारीक पुरळ.

"हे काय आहे?"

तिनं बाही खाली ओढायचा प्रयत्न केला, पण हाताला कणीक. मग एकेका मिशीवर बोट ठेवून सांगितलं. नारळाचं तेल. सॅनिटायझर. टूथपेस्ट. नुसता साबण. नींबू-नमक. नेलपॉलिश रिमूव्हर. शनिवारी संध्याकाळीच केलं. "डॉक्टर मैडम ने तेल बोला था. लेकिन आपका पेन कौन-सा है, किसी को क्या पता. बच्चों के मुँह पे लगाना था, तो पहले देखना तो पड़ेगा ना."

"सॅनिटायझरनं तर चांगली गेलेली दिसते."

"हाँ, हाथ पे सबसे अच्छा वही है. कापूस में लेके, और गैस से दूर. पर बच्चों के होंठ पे मैं नहीं लगाती."

मी मेणबत्ती ओट्यावर ठेवली. शनिवारच्या त्या लांबलेल्या गप्पा कोणाशी होत्या, ते आत्ता कळलं. व्हॅसलीन आणून त्या दोन चट्ट्यांवर लावलं. तिनं हात तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हातानं कणीक मळत राहिली. मग विचारलं, "भाऊराव अंकल नाटक नहीं होने देंगे?"

"नाही देणार."

"आपने पूछा?"

मी विचारलं नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी एकटीच गेले. भाऊराव गॅलरीत पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर धीर सुटला असता.

"भाऊराव, पेन माझं होतं. ते जात नाही हे मला माहीत होतं. चूक माझी आहे, मी माफी मागायला आले. पण शिक्षा मुलांना होऊन राहिली आहे. दुसऱ्या कोणाला बसवू द्या नाटक. मी येत नाही."

ते पेपरमधून वर बघेनात. अवंती आतून आली. ओठावरची सूज उतरली आहे, कडेला नवी गुलाबी कातडी. म्हणाली, "आजी, मला मिशी नाही लावता येणार ना?"

"नाही, बेटा."

"मग राजाला मिशीच नाही, असं करा ना. उसकी आती ही नहीं. इसीलिए तो वो सबको बोलता है की तुम लगाओ."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पंधरा दिवस मला सापडत नव्हतं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. ज्याला मिशी फुटत नाही तो राजा. शेवटी त्याचं पितळ उघडं पडणार.

मागून कसला तरी आवाज आला. भाऊराव हसत होते. पेपर तोंडासमोर धरून, खांदे हलवत. मग पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"तारपीन मी लावलं होतं," ते म्हणाले. "लतिका नको म्हणून राहिली होती. मी म्हटलं, जिंदगीभर मशिनीचे डाग काढले, हा काय डाग आहे. पोर रडत होती तरी मी घासलं, विनताबाई."

अवंती म्हणाली, "आजोबा, अब नहीं दुखता."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "होऊन जाऊ द्या नाटक. तुम्हीच बसवा."

मी आता बसले. लतिकानं चहा आणला.

२७ एप्रिल, रविवार

तालीम. शेवट नवा. सहा मिशा, आणि एक राजा, जो तोंडावर सतत शेला धरून फिरतो. मुलं स्वतःच हसून खाली बसतात, मला ओरडावं लागतं.

एकता आली होती. तिनं मुलांच्या ओठांवर आधी क्रीमचा थर दिला, त्यावर काजळ, त्यावर पावडर. ओघळली नाही, आणि तेलाच्या एका बोळ्यानं निघाली. इतकं सोपं होतं.

मधे सुमेध अडला. "महाराज, प्रजा म्हणते की..." आणि गप्प. मी पान उलटायच्या आत पडद्यामागून एकताचा आवाज आला, "प्रजा म्हणते की पोट भरलं तरच मिशीला पीळ देता येतो." शुद्ध, एक अक्षर न चुकता. नंतर विचारलं तर म्हणाली, "आप रोज किचन में बोलती थीं ना. पूरा याद है."

सगळं नाटक पाठ. आणि मी समजत होते तिला त्रास होतो.

२ मे, शुक्रवार

काल झालं. हॉल भरला होता, मागे लोक उभे. सुमेधनं मिशीला तीन ठिकाणी मूँछ म्हटलं आणि तिन्ही ठिकाणी हशा आला, म्हणून आता मला काही म्हणता येत नाही. शेवटी वाऱ्यानं शेला उडतो आणि राजाचा गुळगुळीत ओठ सगळ्यांना दिसतो. त्या वेळी अवंती नुसती लोकांकडे बघत उभी राहिली. तालमीत ती इतका वेळ कधी थांबली नव्हती. मग म्हणाली, "काय करू, येतच नाही." पहिल्या रांगेत भाऊराव इतके हसले की लतिकानं त्यांना पाणी दिलं.

पडदा पडल्यावर त्यांनी मला स्टेजवर बोलावून शाल दिली. माईक हातात आला तेव्हा मी म्हटलं की पेनाची चूक माझी होती आणि ती निस्तरली माझ्या सुनेनं, तिला वर बोलवा. तिचं नाव दोनदा पुकारलं. टाळ्या झाल्या. पण एकता काही आली नाही.

मी मागच्या खोलीत गेले. सहा मुलं बाकावर ओळीनं बसलेली आणि एकता खाली गुडघ्यावर, एकेकाची मिशी उतरवत. बाहेर नाव पुकारलेलं तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "बच्चों को ऐसे छोड़ के कैसे आती?"

मी तिच्या शेजारी बसले आणि सुमेधला पुढ्यात घेतलं. त्यानं डोळे मिटून तोंड वर केलं. तेल लावून झालं, तर पुसायला काही नाही. कापूस संपला होता, कापडं सगळी काळी झाली होती. मी खांद्यावरच्या शालीचं टोक धरलं.

"मम्मीजी, शाल खराब होईल."

"होऊ दे."

घासलं नाही. एकाच दिशेनं, हलकेच, तिनं दाखवलं होतं तसं.

आज सकाळी एकता ती शाल भिजवायला घेऊन चालली होती. मी तिच्या हातून काढून घेतली आणि कपाटात तशीच घडी करून ठेवली, डाग वर येईल अशी.